पाचोळ्यातला बोंडू आणि पाचोळ्यातली घोणस

"बाई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. घरची काजूची बागायत आहे, सासऱ्यांनी लावलेली. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सकाळी बोंडू वेचायला वाकले आणि हातापासून दोन वितींवर घोणस. वेटोळे घालून, पाचोळ्यासारखीच. काय आहे ते कळायच्या आधीच हात मागे आला होता. चावली नाही, पण तेव्हापासून सुंभ, झाडाची मुळी, पाण्याचा पाइप, सगळ्याचा सापच होतो. ह्या हंगामात आणखी एक नवे सुरू झाले आहे. मी वेचून पुढे गेले की त्याच झाडाखालून माझी धाकटी जाऊ अर्धी टोपली गोळा करते. समोर असलेले बोंडू मला दिसत नाहीत. डोळे तपासून घेतले, नंबर तोच आहे. परवा पाइपाला दचकले आणि लगेच पुढे पडलेला गडग्याचा चिरा दिसला नाही, पाय मुरगळला. पुतण्या घरच्या ग्रुपवर सापांचे फोटो टाकतो, ते पाहिले की नंतरचे मेसेज वाचूनही डोक्यात शिरत नाहीत. नवरा म्हणतो मन घट्ट कर, नीट बघ. सासूबाई म्हणतात सातेरी देवीला कौल लावू या, काहीतरी चुकले असेल. माझे डोळे बिघडले की डोके?"
— एक वाचक, वय 46, सत्तरी

ताई,

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी तीनदा वाचले. "काय आहे ते कळायच्या आधीच हात मागे आला होता." तुमच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ त्या वाक्यात आहे. त्या सकाळी ज्याने तुमचा हात वाचवला, तेच आज तुमच्या टोपलीतले बोंडू पळवते आहे. तुमचे डोळे ठीक आहेत. डोकेही ठीक आहे. डोक्यातल्या दोन कामांची एकमेकांत गुंतागुंत झाली आहे, आणि ती सोडवता येते.

आधी वेचण्याचे काम बघू. तुम्ही ते इतकी वर्षे करता आहात की त्यात मेंदूचा किती खटाटोप असतो ते जाणवतही नसेल. हात लांब करून अंगठा धरलात तर त्या अंगठ्याच्या रुंदीएवढाच भाग डोळ्याला एका वेळी खरा स्वच्छ दिसतो. बाकी सगळे पुसट. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत पाचोळ्यावरून फिरतो, आणि पुढची उडी कुठे टाकायची ते मेंदू त्या पुसट भागातून आधीच ठरवत असतो. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड या मानसशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये या शोधाशोधीचा एक सिद्धान्त मांडला. हवी ती वस्तू रंगासारख्या एखाद्या ठळक गुणाने वेगळी असेल तर भोवती कितीही गर्दी असो, ती आपण होऊन डोळ्यांत भरते. तसे नसेल तर एकेक जागा लक्ष देऊन तपासावी लागते. तुमच्या बागायतीत हे रोज घडते. लाल बोंडू तपकिरी पाचोळ्यात लांबून हाक मारतो. पिवळ्या बोंडूचे तसे नाही, कारण गळलेल्या पानांतही पिवळी पाने असतात. तो शोधावा लागतो, आणि शोधायला लक्ष लागते. माझा अंदाज आहे की जाऊबाई मागाहून वेचतात त्यांत पिवळेच जास्त निघतील. एकदा त्यांच्या टोपलीत डोकावून बघा. तसे असेल तर समजा की नजर शाबूत आहे, लक्ष मात्र दुसरीकडे खर्च होते आहे.

ते कुठे खर्च होते? तुमच्या गावाच्या वेशीवर राखणदार असेल. तो कोणाला दिसत नाही, पण गाव झोपले तरी तो जागा असतो अशी आपली श्रद्धा. डोक्यातही असाच एक राखणदार आहे. तुम्ही बोंडू शोधत असता तेव्हा तो तुम्हाला न विचारता दुसरेच शोधत असतो, जिवाला धोका देणारे काहीतरी.

त्याच्या कामाची पारख सापांच्याच चित्रांवर झाली आहे. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतले आर्ने ओमान आणि त्यांचे सहकारी यांनी 2001 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. चौकटीत नऊ चित्रे, त्यांत सगळी एका जातीची की एक वेगळे, एवढेच सांगायचे. फुलांमध्ये किंवा अळंब्यांमध्ये लपलेला साप किंवा कोळी लोकांना चटकन सापडत होता; सापांमध्ये लपलेले फूल शोधायला जास्त वेळ लागत होता. सापाला घाबरणाऱ्या माणसांना साप आणखी लवकर सापडत होता. पुढे व्हनेसा लोबू आणि ज्यूडी डिलोच यांना अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्येही तेच दिसले. फुले, बेडूक, सुरवंट यांच्यापेक्षा मुलांचे बोट सापावर आधी जात होते. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या नोबुयुकी कावाई यांनी सहकाऱ्याबरोबर 2016 मध्ये धूसर केलेली चित्रे टप्प्याटप्प्याने स्पष्ट करत दाखवली, तेव्हा पक्षी, मांजर, मासा यांच्यापेक्षा साप पुष्कळ धूसर असतानाच ओळखू आला. पाचोळ्यातली घोणस म्हणजे निसर्गाने केलेले धूसर चित्रच ना? ती तुम्हाला दोन वितींवरून दिसली यात नवल नाही, आणि तुमचा गुन्हा तर मुळीच नाही.

हे इतके जुने कसे, याबद्दल लिन इझबेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 2006 मध्ये एक विचार मांडला. माकडे आणि माणसे यांच्या पूर्वजांची नजर इतकी तयार झाली त्यात सापांचा मोठा हात आहे, असे त्या म्हणतात. हा विचार सगळ्यांना मान्य नाही. पण जपानमधल्या तोयामा विद्यापीठात, इझबेल यांच्याही सहभागाने, कधी साप न पाहिलेल्या माकडांच्या मेंदूतल्या पल्विनार नावाच्या भागाची तपासणी झाली. तिथल्या काही पेशी सापाच्या चित्राला इतर चित्रांपेक्षा लवकर आणि जोरात प्रतिसाद देत होत्या. हा निष्कर्ष 2013 मध्ये छापून आला. माकडाला कोणी साप शिकवला नव्हता.

आता तुमच्या सुंभाबद्दल आणि पाइपाबद्दल. लोबू आणि डिलोच यांनाच पुढे असे दिसले की डोके, डोळे, खवले यांची गरज नाही, नुसता वेटोळ्याचा आकारही लक्ष ओढायला पुरतो. दोरीवर साप भासतो हा आपल्याकडचा जुना दृष्टान्त आहे. अज्ञान म्हणजे काय ते समजावायला तो वापरतात. मला मात्र त्यात राखणदाराचे शहाणपण दिसते. दोरीला शंभरदा साप समजलात तर शंभरदा छातीत धस्स होईल. सापाला एकदा दोरी समजलात तर? राखणदाराने हा हिशोब कधीच मांडून ठेवला आहे, म्हणून तो चुकतो तेव्हा एकाच बाजूला चुकतो. गेल्या एप्रिलपासून त्याने आपली चाळणी आणखी बारीक केली आहे. आता तिच्यातून मुळीसुद्धा सुटत नाही.

डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज मोजतात, ते तुम्ही इस्पितळात पाहिले असेल. शोधाशोध चालू असताना तसे मोजले तर हव्या वस्तूवर लक्ष बसल्याची खूण चित्र दिसल्यापासून साधारण 200 ते 300 मिलिसेकंदांत उमटते, म्हणजे सेकंदाच्या पावभागात. तिला एन-टू-पीसी म्हणतात. वस्तू डावीकडे असेल तर ती डोक्याच्या उजव्या मागच्या बाजूला दिसते, उजवीकडे असेल तर डाव्या बाजूला. भीती किंवा किळस वाटावी अशी चित्रे असतील तर त्याच सुमाराला मागच्या भागात आणखी एक लाट उठते, आणि मग तिसरी, जी पुढे सेकंदभरही रेंगाळू शकते. या तिसऱ्या लाटेकडे लक्ष द्या, ताई. पहिल्या पावसेकंदात तुमचा हात मागे आला. बोंडू हरवतात ते त्यानंतरच्या अवधीत.

येल आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठांतले स्टीव्हन मोस्ट, मार्व्हिन चन, डेव्हिड झाल्ड आणि त्यांचे आणखी एक सहकारी यांनी 2005 मध्ये हे अगदी नेमके पकडले. पडद्यावर एकाच जागी चित्रांची रांग पळते, दर चित्र सेकंदाचा दहावा भाग. सगळी निसर्गदृश्ये किंवा इमारती. त्यांतले एकच आडवे फिरवलेले असते, ते डावीकडे फिरले होते की उजवीकडे ते सांगायचे. या रांगेत मध्येच एक भयंकर चित्र घुसवले, जखमेचे किंवा हल्ल्याचे. फिरवलेले चित्र त्याच्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर आले, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाने, तर लोकांची उत्तरे पुष्कळ चुकत. आठव्या क्रमांकावर आले तर बव्हंशी नीट सांगत. मधल्या अर्ध्या सेकंदाच्या आसपास जणू झापड पडलेली. सगळी चित्रे एकाच ठिकाणी येत होती, म्हणजे डोळा इकडेतिकडे वळला असे म्हणायलाही जागा नव्हती. डोळा त्या चित्रावरच रोखलेला होता, चित्र समोर होते, आणि ते दिसले नाही.

म्हणून तुमच्या यजमानांना माझा निरोप सांगा. "नीट बघ" हा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्याचा उपयोग होत नाही. तुम्ही नीटच बघत होता. पाइपाला दचकलात आणि त्या झापडीत पुढचे पाऊल पडले. चिरा डोळ्यांसमोर असून मेंदूपर्यंत पोचला नाही. ग्रुपवरच्या फोटोनंतरचे मेसेज डोक्यात शिरत नाहीत, तिथे झापड संपल्यावरही ती तिसरी लाट आणि तिच्यामागून येणारे विचार जागा अडवून बसतात.

मला हे पुस्तकातून पटले नव्हते. काही वर्षांपूर्वी बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे एक मोटारसायकल आडवी पडलेली दिसली. माणसाला उचलून नेले होते, रस्त्यावर एक चप्पल तेवढी राहिली होती, उलटी. मी स्कूटरवर होते. क्षणभर त्या चपलेकडे पाहिले आणि नजर परत रस्त्यावर आणली, हे मला पक्के आठवते. तरी पुढच्या गाडीचा लाल दिवा मला दिसला नाही. धडक झाली नाही ती केवळ पुढच्याने गाडी थोडी पुढे घेतली म्हणून. मोस्ट यांच्या त्या शोधनिबंधाच्या नावातच, अपघात बघायला माना वळवणाऱ्या वाहनचालकांची उपमा आहे. ते वाचले तेव्हा मला ती चप्पल आठवली, आणि अजूनही आठवते.

आता काय करायचे ते सांगते.

तुम्ही सध्या एकाच वेळी दोन शोध करता आहात. बोंडू शोधता आणि त्याच नजरेने सापही. दोन वेगळ्या गोष्टी एकदम शोधायला गेले की दोन्ही शोध कच्चे होतात, हे विमानतळावर सामानाच्या एक्स-रेत चाकू आणि स्फोटके शोधण्याच्या नमुन्यावर केलेल्या प्रयोगांतही दिसले आहे. राखणदाराला गप्प बसवता येणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. त्याला त्याची वेळ द्या. झाडाखाली पोचलात की वेचायला लागू नका. उभ्या राहा. काठी घ्या आणि समोरचा दोन पावलांचा पट्टा फक्त सापासाठी तपासा. त्या वेळी लाल बोंडू दिसला तरी वाकायचे नाही. काठीने पाचोळा हलवा, मुळीच्या बगलेत, दगडाच्या सांदीत बघा. जमिनीवर काठी आपटली की पुष्कळ साप निघून जातात, पण घोणस कित्येकदा जागची हलत नाही, म्हणून पाचोळा बाजूला करूनच पाहायचा. तो पट्टा झाला की तोंडाने म्हणा, "बघितले." मोठ्याने म्हणा, कोणी ऐकले तर ऐकू दे. मग बोंडू. आता फक्त बोंडू, त्याच दोन पावलांत. ते वेचून झाले की पुढचा पट्टा, पुन्हा आधी काठी.

सुरुवातीला वेळ लागेल. एका झाडाला जिथे दहा मिनिटे लागत होती तिथे वीस लागतील. पहिला आठवडा टोपल्या मोजू नका.

दुसरे, सापाचे चित्र डोळ्यांत नेमके बसवा. सध्या तुमचा राखणदार "लांबट, वळलेले काहीही" शोधतो आहे. काजूच्या झाडाखाली असे काय नाही? मेंदूपाशी शोधायच्या वस्तूचा नमुना जितका मोघम, तितकी खोटी हाक जास्त. घोणस अशी दिसते: अंग जाड, शेपूट एकदम आखूड, डोके तिकोनी आणि मानेपासून वेगळे. पाठीवर गडद तपकिरी लांबट गोल ठिपक्यांची रांग, साखळीच्या कड्यांसारखी, आणि दोन्ही कुशींवर आणखी एकेक रांग. ठिपक्यांना काळी किनार आणि तिच्याबाहेर बहुधा पांढरट रेघ. चिडली की कुकरच्या शिट्टीपूर्वी वाफ सुटते तशी फुसफुसते, जोरात आणि लांब. पाइपावर साखळी नसते. मुळीला कुशीवर ठिपके नसतात. हे चित्र घरी, दिवसाउजेडी, तुमच्या मर्जीने, कोणी तरी शेजारी असताना बघा. आधी हाताने काढलेले, मग छापलेले, मग फोटो. छाती धडधडायला लागली तर चित्र लगेच मिटू नका. धडधड उतरेपर्यंत बघत राहा आणि मग मिटा. घाबरल्या क्षणी मिटलेत तर राखणदाराला वाटते, पळालो म्हणून वाचलो.

एक गोष्ट लपवत नाही. मोस्ट यांच्या त्याच अभ्यासात नेमके काय शोधायचे ते आधी सांगितल्यावर ज्यांचा स्वभाव कमी भित्रा होता त्यांची झापड कमी झाली. धोक्याला फार जपणाऱ्या माणसांना त्याचा तेवढा फायदा झाला नाही. तुम्ही सध्या दुसऱ्या गटात आहात असे धरून चाला. म्हणूनच मी काठी आणि पट्टा आधी सांगितला आणि चित्र नंतर. नुसत्या मनाच्या जोरावर हे सुटावे अशी अपेक्षा मी तुमच्याकडून करत नाही, तुम्हीही करू नका.

पण आशेलाही आधार आहे. भीतीचा प्रतिसाद अगदी आपोआप येतो, त्यावर कशाचाच ताबा नसतो, असे बराच काळ मानले जाई. लुईझ पेसोआ, लेस्ली उंगरलायडर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये लोकांना घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्याच वेळी लक्ष पूर्ण गुंतेल असे अवघड काम दिले. तेव्हा अमिग्डला, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर बसलेला बदामाच्या आकाराचा तो भाग ज्याचे नाव भीतीशी नेहमी जोडले जाते, तिथला फरक दिसेनासा झाला. राखणदारालाही हाक मारायला थोडे लक्ष लागते. पट्टा तपासून झाल्यावर तुम्ही बोंडूमध्ये खरोखर गुंतलात तर त्याच्यासाठी उरणारे लक्ष कमी होते. म्हणून वेचताना काम थोडे अवघडच करून घ्या. एका पट्ट्यात फक्त पिवळे वेचा, लाल शेवटी. खिळ्याच्या काठीने टोचायचे, बी पिळून पिशवीत टाकायची, बोंडू डब्यात, ही लय सोडू नका. तुमच्या हाताला ही लय येते, ती माझ्यासारखीला येणार नाही.

आता उलट बाजू, आणि ही मी तळमळीने सांगते. भीती कमी झाली की काठी सोडू नका. जेरेमी वुल्फ यांनी 2005 मध्ये सामानाच्या तपासणीच्या धर्तीवर प्रयोग केला. हवी वस्तू निम्म्या वेळा असायची तेव्हा लोकांच्या नजरेतून सुमारे 7 टक्के सुटत होती. तीच वस्तू शंभरात एकदाच ठेवली तेव्हा सुमारे 30 टक्के सुटू लागली. जे क्वचित येते ते नजर सोडून देते, मग नजर कितीही तयार असो. तुमच्या बागायतीत घोणस शंभरातून एकदाही येणार नाही, हजारातून एकदा येईल, आणि तेच धोक्याचे आहे. म्हणून डोळ्यांवर सगळा भार नको. पोटरीपर्यंत येणारे गमबूट घाला. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठी घाला. झुंजुमुंजू असताना जाऊ नका, जावेच लागले तर टॉर्च न्या. मुलांना अनवाणी नेऊ नका. तुमच्या भागात घोणशीबरोबर नाग, मण्यार, फुरसेही आहेत. चुकून चावलेच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काहीही करायचे नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, 108 ला फोन करायचा आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी इस्पितळात पोचायचे. या चारही सापांवर चालणारे प्रतिविष एकच आहे, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका. हे घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. इतके केलेले आहे हे राखणदाराला कळले की त्याचीही घालमेल कमी होते, असा माझा अनुभव आहे.

पुतण्याचे फोटो. त्याला रागावू नका, त्याला त्यात काही वाईट दिसत नसणार. पोरांना साप आवडतात. त्याला एवढेच सांगा: "बाळा, सापाचा फोटो टाकायचा तर आधी एका ओळीत तसे लिही आणि मग टाक." आधी कळले की धक्क्याची धार कमी होते. अचानक समोर आलेले आणि सांगून आलेले चित्र यांत मेंदू फरक करतो. तो ऐकत नसेल तर ग्रुपमधले फोटो आपोआप उतरणे बंद करून घ्या, मुलगी करून देईल. आणि रात्री झोपताना तो ग्रुप उघडू नका.

सासूबाईंचा प्रश्न उरला. त्या कौल लावू या म्हणतात असे तुम्ही लिहिलेत, आणि मला वाटते तुम्हाला माझ्याकडून "नाही" ऐकायची भीती वाटत होती. जा. सातेरी आपल्याकडे वारुळाच्या रूपातच बसते, आणि वारूळ म्हणजे नागाचे घर. सापाच्या भीतीने तिच्याकडे जाणे यात मला काहीच वावगे वाटत नाही. सासूबाईंना घेऊन जा, ओटी भरा, मनातले बोला. फक्त "माझे काय चुकले" हा प्रश्न घेऊन जाऊ नका. तुमचे काही चुकलेले नाही. घोणस तिच्या जागी होती, तुम्ही तुमच्या. दोघी न दुखावता परतलात.

अजून एक विचारायचे राहिले, कारण पत्रात त्याबद्दल काही नाही. झोप कशी लागते? ती सकाळ स्वप्नात येते का? बागायतीत जायचे म्हटले की पोटात गोळा येतो म्हणून काही ना काही कारणाने जाणे टाळले जाते का? यातले काही महिनाभराहून जास्त चालू असेल तर एकटीने काठी-पट्ट्याचा प्रयोग करत बसू नका. बांबोळीच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे भीतीवर औषधांशिवायचे उपचारही होतात. तिथे गेले म्हणजे वेडी ठरले असे गावात बोलतील, हे मला ठाऊक आहे. आधी फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.

आणि धाकट्या जाऊबाई. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एक किंचित ओशाळलेपण दिसले, की त्या मागून येऊन तुमचे राहिलेले वेचतात. हंगाम संपेपर्यंत त्यांना मागे ठेवू नका, शेजारी घ्या. एका झाडाखाली दोघी. एकीने काठीने पट्टा तपासायचा, दुसरीने वेचायचे, पुढच्या झाडाला अदलाबदल. काठीची पहिली पाळी त्यांना द्या. त्यांनी "बघितले" म्हटले की तुम्ही वाका, आणि त्या झाडाखालचा पहिला पिवळा बोंडू तुमच्या हाताने उचला.